खाली ठेव, मग बोल

मालाक्कांच्या तोंडाला लगाम नाही, हे आजऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कागदोपत्री नाव विजयमाला चौगुले. कॉलेजच्या जीवशास्त्राच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं नोकरी झालेली, आणि साप धरण्याचा नाद त्याहूनही जुना. कुणाच्या न्हाणीत धामण निघो की गोठ्यात घोणस, बाई पदर खोचून, काठी घेऊन हजर. साप पिशवीत जायच्या आधी घरमालकाची हजेरी व्हायची. "दारात लाकडांचा ढीग कुणी रचलाय हा? उंदरं तुम्ही पोसायची, आणि साप आला की बोंबलायचं माझ्या नावानं!" घरमालक मुकाट ऐकून घ्यायचा. साप जायचा, शिव्या लक्षात राहायच्या, आणि आठ दिवसांत ढीगही हलायचा.

'वारूळ' हा सापांबद्दलचा ऑनलाइन फोरम अक्कांनीच चौदा वर्षांपूर्वी सुरू केलेला. साप दिसला की फोटो टाकायचा, जाणकारांनी ओळखून सांगायचं, एवढंच त्याचं काम. पण तिथं एक रीत होती आणि ती मोडायची कुणाची छाती नव्हती. कुणी हातात साप धरलेला फोटो टाकला, की बाकी सगळी चर्चा बंद. कौतुक नाही, ओळख नाही, प्रश्न नाही. अक्का एकच ओळ लिहायच्या: 'खाली ठेव, मग बोल.' साप खाली गेल्याचा दुसरा फोटो आला की मग त्या माणसाची बिनपाण्यानं हजामत. नव्या माणसाला अक्कांची पहिली शिवी बसली, की तो वारुळातला झाला असं सगळे मानायचे. चौदा वर्षांत वारुळातलं एकही माणूस साप चावून गेलं नव्हतं. ही गोष्ट लहान नाही हो. साप धरणारे लोक सापापेक्षा फोटोच्या हौसेनं जास्त मरतात.

आता सगळंच काही चांगलं होतं असं नाही. मिरजेची एक कॉलेजातली मुलगी पहिलाच फोटो टाकून अक्कांच्या तावडीत सापडली आणि जी गेली ती परत आलीच नाही. अक्कांनी महिनाभर तिची वाट पाहिली. "ते चुकलंच माझं," असं त्या नझीरला म्हणाल्या होत्या. नझीर मुल्लाणी म्हणजे चंदगडला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस, वारुळातला त्यांचा उजवा हात.

मग 'सौम्य' आलं.

त्याची गोष्ट अशी. तोवर निम्म्या लोकांच्या हातात मनगटी आलेली होती. नाडी, घाम, कातडीची ऊब मोजणारा पट्टा. शास्त्रज्ञांनी कोट्यवधी माणसांना आलेले निरोप आणि ते वाचतानाची त्यांची नाडी शेजारी शेजारी ठेवून पाहिली, आणि कोणता शब्द कुणाला किती लागतो ते चक्क आकड्यांत सापडलं. 'गाढव' म्हटल्यावर एक जण हसतो, दुसरा दोन दिवस जेवत नाही. प्रत्येकाची दुखरी जागा वेगळी. त्यावरून यंत्र निघालं. तुम्ही लिहिलेला निरोप ते मधल्यामध्ये उचलायचं, आणि वाचणाऱ्याची नाडी उसळणार नाही अशा शब्दांत नव्यानं लिहून पुढे द्यायचं. वाचणारे दहा असले तर निरोपही दहा. लिहिणाऱ्याला मात्र आपलेच शब्द दिसत राहायचे. 'अर्थ कायम, आघात शून्य' अशी त्याची जाहिरात होती.

दहा हजारांवर सदस्य असलेल्या प्रत्येक फोरमला सौम्य कायद्यानं बसवावं लागलं. घरगुती निरोपांना ते फोनबरोबर आपोआपच आलं. नझीरनं वारुळासाठी एक सवलत तेवढी भांडून मिळवली: फोटोला हात लावायचा नाही. कारण पहिल्याच आठवड्यात सौम्यनं एका नागाचा फणा जरा लहान करून दाखवला होता. लोकांना भीती वाटू नये म्हणून!

वारूळ बघता बघता एक्केचाळीस हजारांवर गेलं. कधी तोंड न उघडणारी माणसं लिहायला लागली, बायका-मुली आल्या. अक्कांनी कुणाला झापलं की उलट उत्तर यायचं, 'किती मायेनं सांगता हो अक्का!' आधी अक्कांना वाटलं, पोरं टिंगल करताहेत. मग वाटलं, वय झालं म्हणून मान देत असतील. मान कुणाला नको असतो? त्यांनी फार खोलात शिरून पाहिलं नाही.

आणि खरं सांगायचं तर सौम्यचा सगळ्यात मोठा फायदा अक्कांच्या घरातच झाला होता. मुलगी सानिका नाशिकला, औषधांच्या कारखान्यात; जावई निखिलही नाशिकचाच. मायलेकींचं फोनवर पाच मिनिटं धड बोलणं व्हायचं नाही, सहाव्या मिनिटाला एकीनं फोन आपटलेला असायचा. म्हणून दोघी निरोपांवर आल्या. आणि काय आश्चर्य, दीड वर्ष एकसुद्धा भांडण नाही! मनगटीही सानिकानंच आईच्या हातात बांधलेली, रक्तदाबाच्या काळजीनं. "लेक सुधारली बघ माझी," अक्का शेजारणीला सांगायच्या. लेकही तिकडं कुणाला तरी "आई निवळली" असं सांगत असणार.

जानेवारीतला शनिवार होता. दुपारचे सव्वादोन. जेवण उरकून अक्का ओसरीवर टेकल्या आणि फोन हातात घेतला. वारुळात नवा फोटो आला होता. सुशांत गावडे, चंदगडच्या बाजूला एका वाडीवर दूध डेअरीत कामाला असलेला, वारुळात येऊन आठ महिने झालेला तरुण. त्याच्या तळहातावर वेटोळं करून बसलेला काळा साप, अंगावर पांढरे पट्टे. खाली लिहिलेलं: 'डेअरीच्या बारदानात कवड्या सापडला. एकदम गरीब आहे, तोंड लपवून बसलाय. तीन वाजता शाळेत स्नेहसंमेलन आहे. पोरांच्या हातात देऊन त्यांची भीती घालवणार.'

अक्कांनी फोटो मोठा केला आणि पट्टे निरखून पाहिले. कवड्या बिनविषारी. त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. इथं उलटं होतं. शेपटीकडे पट्टे ठसठशीत, मानेकडे नुसतं काळं, आणि पाठीच्या कण्यावर मोठ्या सहाकोनी खवल्यांची रांग. मण्यार! नागापेक्षा जहाल. दिवसा ती अशीच सुस्त, तोंड लपवून पडते आणि त्या गरीबपणालाच माणूस फसतो. चावली तरी दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं. काही तासांनी पापण्या मिटायला लागतात, मग श्वास अडतो. ही चूक साप धरणारेच करतात, कारण बाकीचे लोक बघताक्षणी पळालेले असतात.

'खाली ठेव, मग बोल,' अक्कांनी लिहिलं.

'हो अक्का, ठेवेन की,' सुशांतचं उत्तर आलं.

ठेवेन? अक्कांची बोटं फोनवर आदळायला लागली. 'गाढवा, मण्यार आहे ती! आत्ताच्या आत्ता टाक हातातनं. पोरांजवळ नेलीस तर तंगडं मोडून हातात देईन.'

'धन्यवाद अक्का. तुमच्या शब्दांनी हुरूप आला. कार्यक्रम झाला की नक्की विचार करतो.'

'मरशील मूर्खा! पोरांना मारशील! टाक!!'

'पोरांची किती काळजी तुम्हाला. बरं वाटलं.'

अक्का उठून उभ्याच राहिल्या. पोरगं प्यायलंय की काय? त्यांनी नझीरला फोन लावला.

"नझीर, वारुळात मी आत्ता काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच."

"काय झालं अक्का?"

"वाच म्हणते ना!"

नझीरनं वाचलं. "'सुंदर फोटो, सुशांत. ही मण्यार असण्याची शक्यताही लक्षात घ्यावी. सवडीनं खाली ठेवलीत तर उत्तम. मुलांना तुमच्यासारखा मार्गदर्शक लाभला, याचा आनंद वाटतो.'"

"लाभला? मी लाभला म्हणाले?"

"मला तर दीड वर्ष असंच दिसतंय. मला वाटलं, तुम्ही निवळलात."

"निवळले तुझं डोंबल! अरे, मण्यार धरून बसलाय तो हातात!"

नझीरनं फोटो उघडला असावा, कारण पलीकडून "या अल्ला" एवढंच ऐकू आलं.

अक्कांच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. त्या जितक्या ओरडत होत्या तितका सौम्य त्यात जास्त गूळ घालत होतं. अपमान झाला तरी नाडी उसळते आणि भीती वाटली तरी उसळते. मनगटीला दोन्ही सारखंच. अपमान काढताना यंत्रानं भीतीही काढून टाकली होती. आणि अक्कांना सुशांतला दुसरं काही द्यायचंच नव्हतं, भीतीच द्यायची होती.

"त्याचा नंबर आहे?"

"नाही. आणि वाडीवर रेंज नाही, डेअरीच्या वायफायवर चालतं त्याचं. मी गाडी काढतो, पण पाऊण तास तरी लागेल."

दोन पस्तीस झाले होते. तीनला ती मण्यार पोरांच्या हातात जाणार. अक्कांनी इकडं तिकडं पाहिलं, आणि एकदम ओरडल्या, "फोटो! नझीर, फोटोला हात लावत नाही ते यंत्र!"

ओसरीची भिंत संक्रांतीआधी रंगवलेली, पांढरीशुभ्र. घरात धड एक कागद सापडेना. अक्का परसात धावल्या, पाणी तापवायच्या बंबातला विझलेला कोळसा उचलला आणि त्या भिंतीवर हातभर अक्षरांत ओढलं: 'सुशांत गाढवा मण्यार आहे. टाक. मरशील.' फोटो काढला, वारुळात टाकला, आणि फोनकडे बघत उभ्या राहिल्या. मनगटी हातात नुसती किंचाळत होती.

एक मिनिट गेलं. दोन गेली. तिसऱ्या मिनिटाला फोटो आला. डेअरीची फरशी, तिच्यावर पालथी घातलेली बादली. खाली लिहिलेलं: 'टाकली अक्का. बादलीखाली आहे. करंगळीपाशी दोन ठिपके दिसताहेत. पण दुखत नाही.'

ओसरीची दुसरी भिंतही गेली. 'दुखत नाही म्हणजेच चावली. हात हलवू नको. दवाखान्यात पळ. नझीर येतोय.'

डेअरीच्या टेम्पोतून सुशांत निघाला, वाटेत नझीरनं त्याला आपल्या गाडीत घेतलं आणि दोघं गडहिंग्लजला पोचले, तेव्हा त्याला एकाचे दोन दिसायला लागले होते. संध्याकाळी पापण्या मिटल्या. प्रतिविष दिलं, व्हेंटिलेटर लावला. चार दिवस ते यंत्र त्याच्यासाठी श्वास घेत होतं. अक्का दवाखान्याच्या बाकावर बसून होत्या आणि देवालासुद्धा शिव्या देत होत्या. सहाव्या दिवशी सुशांत बोलला. पहिला प्रश्न त्यानं हाच विचारला, "पोरांनी नाही ना धरली?" अक्का त्याच्या उशाशी बसून ढसाढसा रडल्या, आणि मग त्याची राहिलेली हजामत केली.

पण मधे एक गोष्ट झाली होती. दवाखान्यातल्या पहिल्याच संध्याकाळी, बाकावर बसल्या बसल्या, अक्कांच्या मनात एक शंका सरपटत आली. त्यांनी सानिकाला फोन लावला. दीड वर्षात पहिल्यांदाच.

"सानिका, दिवाळीतला माझा निरोप काढ. वाच मोठ्यानं."

"आता? काय झालं आई?"

"वाच."

"'तुझी फार आठवण येते. सवड मिळेल तेव्हा ये, घाई नाही.'"

अक्कांनी आपला फोन डोळ्यांशी धरला. त्याच तारखेला त्यांचे शब्द होते: 'दिवाळीलासुद्धा तोंड दाखवलं नाहीस. मी मेल्यावर येणार काय?'

"घाई नाही म्हणालीस, म्हणून मी..." सानिका म्हणाली.

"आता तुझा सप्टेंबरातला काढ. मला आलाय, 'घर बदललं. नव्या घरात उजेड छान येतो.'"

पलीकडे तिनं तो शोधला. मग सानिका वाचायला लागली, अगदी हळू. "'आई, मी निखिलचं घर सोडलं. आता सहन होत नाही. एकदा तरी माझ्या बाजूनं बोल.'"

"आणि... मी काय म्हणाले त्यावर?"

"'तुझ्या निर्णयाचा मला अभिमान वाटतो.' ते वाचून मी किती रडले होते, आई. त्या एका ओळीवर मी चार महिने काढले."

अक्कांच्या फोनवर त्यांचे शब्द होते, 'बरं झालं. आधीच्या घरात ओल फार होती.' त्यांनी ते तसेच वाचून दाखवले. खोटं बोलायचं त्यांना जमत नव्हतं, आणि त्या क्षणी जमायला हवं होतं असं त्यांना मनापासून वाटलं. यंत्राला दोन्ही बाजू ठाऊक होत्या, मायलेकींनाच नव्हत्या.

"म्हणजे तू म्हणालीच नव्हतीस," सानिका म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. आपटला नाही, हळूच ठेवला. अक्कांना त्याचंच जास्त लागलं. त्यांनी मनगटी काढली आणि बाकाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

पंधरा दिवसांनी कोल्हापूरहून सभ्य संवाद कक्षाची नोटीस आली. फोटोच्या सवलतीचा गैरवापर करून आघातकारक मजकूर पसरवला, असा आरोप. अक्का गेल्या, बरोबर नझीर, आणि घसा अजून घोगरा असलेला सुशांत. अधिकारी धनवडे म्हणून होते, तरुण, नीट भांग पाडलेले, स्वभावानं चांगले. त्यांनी तिघांना आधी चहा पाजला.

"बाई, तुमचा हेतू शुद्ध होता, कुणी नाही म्हणत नाही. पण सौम्यची काही चूक नाही. 'मण्यार' हा शब्द त्याच्यापर्यंत पोचला होता. अर्थ कायम होता."

"अर्थ पोचला होता, साहेब. घाई पोचली नव्हती."

"त्याचंही कारण आहे. तुमचा कठोरपणाचा आकडा शंभरात चौऱ्याण्णव आहे. म्हणून तुमच्या निरोपांवर सगळ्यात जास्त काम होतं. तुम्ही आधीपासून गोड बोलला असता, तर तुमचे शब्द जसेच्या तसे गेले असते." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "हे माफीपत्र वाचायचं. मृदू भाषेचा दोन आठवड्यांचा वर्ग करायचा. वारूळ तुमचंच राहील. नाहीतर मला तुमचं नाव कायमचं काढावं लागेल. मला ते आवडणार नाही."

अक्कांनी कागद उचलला. चौदा वर्षं. एक्केचाळीस हजार माणसं. त्यातली किती तरी त्यांनी नावानं ओळखलेली. वाचून टाकावं असं एकदा मनात आलंच. त्यांनी चष्मा लावला, तोंड उघडलं आणि एकदम गरजल्या, "पाय वर घ्या!"

धनवडेंनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. चहाचा कप कलंडला. त्यांची मनगटी टिवटिव करायला लागली.

"काही नाही खाली," अक्का म्हणाल्या. "पण घेतलेत ना वर? आता हेच 'साहेब, सवडीनं पाय उचललेत तर उत्तम' म्हणाले असते, तर?"

नझीरनं तोंडावर रुमाल धरला. धनवडे पाय खाली घेत म्हणाले, "बाई, हा पोरखेळ आहे." मग ते सुशांतकडे वळले. "तुम्ही सांगा. भिंतीवरची भाषा वाचून तुमच्या मनाला लागलं की नाही?"

"लागलं की साहेब," सुशांत घोगऱ्या आवाजात म्हणाला. "लई लागलं. म्हणून तर हातातनं सुटली."

अक्कांनी माफीपत्राची घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

"माफी मागायची तर मिरजेच्या एका पोरीची मागीन, तिच्यासमोर उभी राहून, माझ्या तोंडानं. माझं चुकलं तर लोकांनी मला चार शब्द सुनावावेत, मी ऐकेन. पण माझ्या तोंडात दुसऱ्याचे शब्द घालायचे आणि सही माझी ठेवायची, ह्याला मी सभ्यता म्हणत नाही. ह्याला लबाडी म्हणतात. काढा माझं नाव."

त्याच संध्याकाळी नाव निघालं. फोटोची सवलतही गेली. परतीच्या एसटीत अक्का खिडकीकडे तोंड करून रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बंबातला कोळसा घेतला आणि ओसरीच्या भिंतीवर, सुशांतच्या नावाखाली लिहिलं: 'साप दिसला? फोन करा. शिव्या मिळतील.' पुढे नंबर. बोललेल्या आवाजावर अजून तरी कुणाचं यंत्र बसलेलं नव्हतं. नझीरनं तो नंबर आपल्या दुकानाच्या शटरवर रंगवला, सुशांतनं डेअरीच्या भिंतीवर, मग बाकीच्यांनी कुठं कुठं. आठवडाभरात फोन थांबेनासा झाला. दोघांनी तर साप नसतानाच फोन केला, नुसत्या शिव्या ऐकायला. त्यांना वेगळ्या मिळाल्या.

फक्त नाशिकचा फोन येत नव्हता. अक्का रोज नंबर काढायच्या आणि ठेवून द्यायच्या. लिहायचं तर सोडलंच होतं. काय बोलायचं, हे आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सुचत नव्हतं.

महिना उलटला. एका रविवारी सकाळी अक्का ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. फाटक करकरलं. सानिका दारात उभी होती. वाळलेली, डोळ्यांखाली काळं, खांद्यावर ओझ्यानं खाली ओढलेली भली मोठी बॅग. तिनं भिंतीवरचा कोळसा वरपासून खालपर्यंत वाचला आणि तिचा आवाज चढला.

"भिंतीची काय दशा केलीस ही! कुणाच्या तरी पोरासाठी आख्खी भिंत काळी करतेस, आणि मी? महिनाभर एक फोन नाही तुझा! मी तिकडं एकटी, घर सोडून, आणि माझी आई मला ओलीचं सांगते! लाज कशी वाटली नाही गं तुला? माझ्या लग्नात तू, त्याच्या आईसमोर तू—"

शेजारची खिडकी उघडली. सानिका थांबत नव्हती. दीड वर्षाचं सगळं एकदम येत होतं, आणि त्यातलं बरंचसं खरं होतं. अक्कांना ते ठायी ठायी लागत होतं. त्यांचे डोळे भरून आले. सूप बाजूला सारून त्या उठल्या, लेकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि दरडावून म्हणाल्या,

"ती बॅग आधी खाली ठेव. मग बोल."